सुतकातलं कांस्यपदक

आता तुम्हीच सांगा, मंगळवारी सकाळी माणूस आपला टोफू कापत असताना रडवेल्या तोंडानं दारात येऊन कुणी आनंदाची बातमी देतं का? आमचे वस्तीसमितीचे अध्यक्ष निशिझाकीसान देतात! माझे दोन्ही हात टाकीतल्या गार पाण्यात, आणि हे दारात कमरेत वाकून उभे. मला वाटलं, गेलं कुणीतरी. तर म्हणतात, ‘मोरिवाकीसान, तुमच्या चिझुरुची जपानच्या संघात निवड झाली. जागतिक स्पर्धा. आम्ही... आम्ही ऐकलं.’ ऐकलं! बस्स, एवढंच! कारण अभिनंदन म्हणायची सोय नाही ना. आमच्या सादाएला, चिझुरुच्या आईला, जाऊन पाच महिने झालेले, घरात सुतकाचं वर्ष, नव्या वर्षाची कार्डं बंद, सणाचा लाल भात बंद, आणि तो एक शब्द तर उंबऱ्याच्या आत येऊ द्यायचा नाही.

बरं, खेळ तरी कुठला? चालण्याचा! वीस किलोमीटर चालायचं, धावायचं नाही. तुम्हाला सांगतो, पोरीला हा खेळ आईनंच शिकवला, आणि तोही मैदानावर नव्हे, आमच्या दुकानात. शाळेतून आली की पाण्याच्या बादलीत टोफूच्या चार वड्या घेऊन चढावरच्या घरांना पोचवायच्या, आणि दारातून सादाएच्या तोंडाचा पट्टा सुरू, ‘चाल, धावू नकोस! पाणी सांडेल!’ पोर कंबर अशी लचकवत जायची की सगळी गल्ली हसायची, पण पाणी? थेंब नाही!

मग फलकाचा घोळ. दुकानावर लावायचा तर त्यावरचा पहिलाच शब्द वर्ज्य! समितीच्या तीन बैठका झाल्या. एक म्हणतो, नुसतं ‘निवड झाली’ लिहा. दुसरा म्हणतो, छे, नोकरभरतीची यादी वाटते. शेवटी समोरच्या सलूनवाल्या हिरोएबाई तडकल्या, ‘माझ्या घरात कुणी गेलेलं नाही, लावा माझ्या भिंतीवर!’ म्हणजे माझ्या पोरीचं अभिनंदन कुठे, तर सलूनच्या दरपत्रकाशेजारी, आणि मी इकडून दिवसभर ते वाचत टोफू कापतोय...

शर्यत तिकडे सकाळी, आपल्याकडे दुपारी तीनला. दुकानामागच्या खोलीत चौदा पाहुणे, समोर टीव्ही, बाजूला सादाएचा फोटो. दहाव्या किलोमीटरला लाल कार्ड! एक पाय कायम जमिनीला हवा, तो सुटला म्हणे. चौदाव्याला दुसरं! तिसरं पडलं की दोन मिनिटं कडेला उभं राहायचं, म्हणजे संपलंच की सगळं. आणि पोर पाचवी... चौथी... पुढे तिसरी एक उंच स्पॅनिश बाई, दहा पावलांवर, आणि चिझुरुची मान पुढे जायला लागली. मला माहीत आहे ना ती मान! घरी यायला उशीर झाला की अशीच मान काढून पळत यायची. शेवटचा किलोमीटर, पंच टक लावून तिच्या पायांकडे बघतोय, आणि आमचे अध्यक्ष उठून किंचाळतात, ‘चिझुरु, पळ!’

‘पळ काय, पळ?’ हिरोएबाईंनी त्यांना धरून खाली बसवलं. ‘पोरीला बाद करायला निघालात का?’

पंचाचा हात वर गेला. मी म्हटलं, आलं तिसरं कार्ड... हात वर गेला, आणि त्यानं टोपी सारखी केली! टोपी! आणि मग पहिल्यांदा कोण ओरडलं कोण जाणे, मीच असेन, ‘चाल, धावू नकोस!’ की चौदाच्या चौदा जण टीव्हीकडे बघून एका सुरात, ‘चाल, धावू नकोस!’ तिला अर्ध्या जगापलीकडे ऐकू गेलं असं मी म्हणत नाही. पण खांदे खाली आले. मान मागे आली. आणि रेषेच्या तीन पावलं अलीकडे ती स्पॅनिश बाई मागे पडली.

तिसरी! जगात तिसरी!

आणि खोलीत? चौदा उघडी तोंडं, आणि तो शब्द कुणालाच काढता येईना. निशिझाकीसान लालबुंद. शेवटी कपाळ चटईला टेकवून म्हणाले, ‘मोरिवाकीसान... आम्ही पाहिलं.’ आणि मागून बाकीचे, ‘पाहिलं! पाहिलं!’

तेवढ्यात फोन. ‘बाबा, पाहिलंत?’

‘पाहिलं.’

‘आणि?’

आता त्या ‘आणि’ला काय सांगणार? चौदा जण कान टवकारून बसलेले, बाजूला तो फोटो. म्हटलं, ‘शेवटी मान पुढे गेली होती.’

‘आई असती तर ओरडली असती.’

‘ओरडलो आम्ही,’ म्हटलं.

गेल्या महिन्यात सुतकाचं वर्ष सरलं. हिरोएबाईंनी फलक उतरवून, घडी घालून आणून दिला. परवा चिझुरु येऊन गेली. पदक आईपुढे ठेवलं, दोन दिवस राहिली. मी ठरवलं होतं, जेवताना म्हणू. जेवताना टोफूच्या सुपात मीठ कमी निघालं, त्यावरच बोललो. मग ठरवलं, स्टेशनवर म्हणू. तर स्टेशनात शिरतो तो गाडी लागलेली, पोर दोन्ही हातांत पिशव्या घेऊन फलाटावर पळत सुटली, आणि माझ्या तोंडून काय निघावं?

‘चाल, धावू नकोस!’

दार लागलं, गाडी गेली. अभिनंदन म्हणायचं राहिलंच.