सातव्या बुरुजाचा मार्क

ठेकेदार : पुन्हा मोजतोस? मास्तर, अरे तिसरी फेरी ही. समुद्रसुद्धा कंटाळून मागे गेला.

मास्तर : तू मध्येच बोलू नकोस, आकडा चुकतो. चार... पाच... सहा.

डॉक्टर : आणि?

मास्तर : आणि पाणी.

ठेकेदार : म्हणजे सहाच.

मास्तर : दिसतात सहा. आहेत सात.

डॉक्टर : माझे पेशंट अगदी असंच बोलतात. तोंडात दात सत्तावीस, आणि सांगतात बत्तीस.

ठेकेदार : निघालो होतो तिघं पोहायला. वाटेत हा म्हणतो, ‘जरा किल्ला बघू.’ जरा म्हणजे दीडशे किलोमीटर आडवाट! खरं सांग, काय भानगड आहे?

मास्तर : भानगड कसली? इतिहासाच्या शिक्षकानं किल्ला बघू नये?

ठेकेदार : बावीस वर्षं हा किल्ला शिकवतोस. अजून बघितला नव्हतास?

मास्तर : शिकवण्यात वेळ गेला.

डॉक्टर : बरं, सात बुरूज लिहिलेत कुठे?

मास्तर : गाइडमध्ये. रिकाम्या जागा भरा.

डॉक्टर : गाइड कुणाचं?

मास्तर : माझं.

डॉक्टर : त्यात आलं कुठून?

मास्तर : जुन्या आवृत्तीतून.

ठेकेदार : ती कुणाची?

मास्तर : ...तीही माझीच. पण त्याआधी एका कॅलेंडरवर फोटो होता. त्यात स्वच्छ सात दिसत होते.

डॉक्टर : जाऊ दे ना. कुणाला पडलंय?

मास्तर : नववीतल्या एका मुलीनं सहा लिहिलं. मोबाइलवर वरून काढलेलं चित्र बघून मोजले म्हणे. मी मार्क कापला. वर्गासमोर म्हटलं, आभाळातून इतिहास कळत नसतो.

ठेकेदार : कापलास तर कापलास. पोरगी विसरली असेल.

मास्तर : रोज रात्री माझ्यासमोर जेवायला बसते.

डॉक्टर : अरे देवा. तुझी लेक?

मास्तर : त्या एका मार्कानं पहिला नंबर गेला तिचा. महिना झाला, घरात मला ‘सर’ म्हणते. परवा म्हणाली, ‘सर, मीठ द्या.’

डॉक्टर : थांब, धीर सोडू नकोस. ह्या दोन बुरुजांमधली फट बघ केवढी! इथे नक्की एक होता. वरचा भाग गेला, मूळ आत असेल. उकरून बघू.

ठेकेदार : डॉक्टर, तू हात लावू नकोस. आहेत तेही उपटशील.

मास्तर : तो बघा! त्या झाडांमागे! गोल! सातवा!

ठेकेदार : पाण्याची टाकी आहे ती.

मास्तर : प्राचीन असेल.

ठेकेदार : सिमेंटची आहे. खाली नळ आहे. अशा बारा बांधल्यात मी.

डॉक्टर : अरे, मित्रासाठी एक दिवस बुरूज म्हण की!

ठेकेदार : त्यापेक्षा लेखी देतो. ‘सातवा बुरूज समुद्रानं नेला.’ माझे दोन पूल असेच नेलेत पाण्यानं. कुणी ब्र काढला नाही.

डॉक्टर : साक्षीदार मी.

मास्तर : ती विचारेल, नेला तर ढिगारा कुठाय?

ठेकेदार : च्यायला. पोरगी हुशार आहे रे.

मास्तर : तेच तर... इथे रेंज कुठे येते?

ठेकेदार : वर चढ. बहुतेक त्या सहाव्यावर येईल.

(मास्तर बुरुजावर चढतात. एका कानाला फोन, दुसऱ्या कानात बोट.)

मास्तर : हॅलो... हो, मीच. नाही, गाडी ठीक आहे. ऐक ना. सहा आहेत... हो, सहा. चालत मोजले, तीनदा. कॅलेंडरच्या फोटोतला सातवा म्हणजे पाण्याची टाकी होती... सोमवारी सांगतो वर्गात. हो, सगळ्यांसमोर... हं... बरं. ठेवतो.

डॉक्टर : काय म्हणाली? मार्क मागितला?

मास्तर : नाही.

ठेकेदार : हसली?

मास्तर : नाही रे. ‘बाबा, तिकडे ऊन फार आहे का?’ एवढंच विचारलं.