हद्दीवरची हिकरी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय न्यायाधीश हॉबर्ट फ्यूगेटसाहेब, व्यासपीठावरील मान्यवर, आपल्या सत्कारमूर्ती डेल्फिया रॅटलिफबाई, आणि लॉरेल फोर्कच्या चढउतारांवरून गाड्या हाकत अग्निशामक दलाच्या या सभागृहात जमलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

चौतीस वर्षं आपल्या कौंटीची रोपवाटिका सांभाळून बाई निवृत्त होत आहेत. त्यांच्याबद्दल मी बोलावं असं समितीनं सुचवलं, तेव्हा मी विचारलं, "माझ्यापेक्षा बरा माणूस मिळाला नाही का?" कळलं की माझं नाव बाईंनीच दिलंय. आता मी नुसतं गोड बोलून खाली बसलो, तर उद्या त्या मला फावड्यानं हाणतील. हसू नका, एकदा हाणलंय.

मंडळी, मी रॅन्सम टॅकेट. चोवीस वर्षांपूर्वी काय घडलं ते इथल्या म्हाताऱ्यांना ठाऊक आहे. तरुणांनी ते कुजबुजीतूनच ऐकलंय. तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. माझे वडील एल्झी आणि आमचे शेजारी कॉर्बेट स्लोन यांच्यात कड्यावरच्या दहा एकरांचा वाद पेटला होता. जुन्या खरेदीखतात हद्द लिहिली होती ती अशी: ओढ्याच्या मुखापासून सरळ वर, शॅगबार्क हिकरीपर्यंत, म्हणजे सालपटं सुटणाऱ्या जातीच्या हिकरीपर्यंत. आणि तिथं हिकरीची झाडं उभी होती दोन! एक वर कड्यावर, दुसरं साठ पावलं खाली, स्लोनांच्या बाजूला. खालचं झाड खुणेचं ठरलं, तर जमीन आमची.

न्यायालयानं झाडं ओळखायला बाईंना पाठवलं. ऑक्टोबरचे दिवस, पानं पिवळी पडलेली. बाईंनी खालच्या झाडाची डहाळी वडिलांपुढे धरली. "मोज, एल्झी. एका देठावर किती पानं?"

"नऊ."

"वरच्या झाडाला पाच आहेत. या डहाळीचा कोंब बघ, गंधकासारखा पिवळा. साल नुसती भेगाळलीये. वरच्या झाडाची फळ्यांसारखी लांब सालपटं सुटलीयेत, दोन्ही टोकांना बाहेर वळलेली. आणि आता हे खा."

वडिलांनी खालच्या झाडाचं फळ फोडून गर तोंडात टाकला आणि थुंकले. कडूजहर.

"बिटरनट, कडू जातीची हिकरी," बाई म्हणाल्या. "खुणेचं झाड वरचं. जमीन कॉर्बेटची."

वडिलांनी त्यांच्या तोंडावर मूठ मारली. बाई पडल्या, उठल्या, ओठाचं रक्त पुसलं आणि वहीत लिहीत राहिल्या. मी बाजूला उभा होतो. मी काय केलं? काहीही नाही. तेही आज सांगायला हवं.

चौथ्या दिवशी सकाळी वडील करवतयंत्र घेऊन कड्यावर गेले. झाडच नसेल तर पुरावा कसला, असं त्यांचं म्हणणं. पाचरी ठोकायला मी बरोबर होतो. हातात कुऱ्हाडीचा नवा दांडा. बुंधा अर्धा कापून झाला, तेवढ्यात कॉर्बेट धावत चढावर आले. हात रिकामे होते त्यांचे.

"एल्झी, बंद कर ते! डोकं फिरलंय का तुझं?"

"रॅन्सम, बघ जरा याच्याकडे," वडील म्हणाले.

मी बघितलं नाही, मी हाणलं. पहिला तडाखा खांद्यावर. कॉर्बेट गुडघ्यांवर आले, तिथंच सगळं संपलं होतं. पण मी दुसरा घातला, तोंडावर. मग तिसरा. त्यांचा डावा डोळा मी फोडला. माणूस कसा ओरडतो ते मला तेव्हा कळलं. अजून ऐकू येतं.

ते ऐकून वडील वळले. ताणाखाली असलेलं, अर्धं कापलेलं झाड सोडून वळायचं नसतं. हिकरी उभी चिरली आणि बुंध्याचा वरचा भाग घोड्यानं लाथ झाडावी तसा मागे उसळून त्यांच्या छातीत बसला. वडील ओंडक्याखाली गेले.

मी दांडा टाकून ओंडका उचलायला लागलो. हलेना. तेव्हा रक्तानं भरलेल्या तोंडानं एक माणूस सरपटत माझ्या शेजारी आला, ओंडक्याला खांदा लावला आणि म्हणाला, "दुसऱ्या टोकाला धर." कॉर्बेट होते ते. आम्ही दोघांनी ओंडका सरकवला. वडील वाचले नाहीत.

मला सहा वर्षांची शिक्षा झाली, चार भोगली. सुटून आलो त्याच आठवड्यात बाई फाटकाशी उभ्या. "खड्डे खणता येतात का?"

"बाई, माझ्या बापानं तुम्हाला मारलं होतं."

"तू उभा राहून बघत होतास. ते मी विसरले नाही, विसरणारही नाही. खड्डे खणता येतात का, एवढंच विचारलं."

त्यांनी मला शाळेच्या पटांगणात नेलं. पडलेल्या हिकरीची फळं त्यांनी त्याच वर्षी वेचली होती, ओल्या वाळूत घालून हिवाळाभर थंड तळघरात ठेवली होती आणि वसंतात पटांगणाच्या कडेनं पेरली होती. रोपं माझ्या गुडघ्यालाही लागत नव्हती.

"चार वर्षांत एवढंच?" मी म्हणालो.

"वर एवढंच. खाली सोटमूळ तुझ्या कमरेइतकं गेलंय. हलवायला गेलास तर मरतील. जिथं आहेत तिथंच जपायची."

हरणांपासून कुंपण घालायचं, तण काढायचं, उन्हाळ्यात पाणी वाहायचं. एकदा मी कुंपण उघडं टाकलं आणि हरणांनी सहा रोपं खाल्ली, तो फावड्याचा दिवस. बाकीची अकरा आता शाळेच्या छपराहून उंच गेलीत. मुलं त्यांच्या सावलीत डबे खातात. सालपटं अजून सुटली नाहीत, त्याला बराच अवकाश आहे. ओळखायची असतील तर पानं मोजा.

बाई, तुम्ही मला क्षमा केली असं मी म्हणणार नाही. तुम्ही मला काम दिलंत. त्याबद्दल या खोऱ्यातर्फे आणि माझ्यातर्फे तुमचे आभार. अध्यक्षांचे, स्वयंपाकघरात सकाळपासून राबणाऱ्या भगिनींचे आभार.

बोलणारा शेवटी म्हणतो, काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. मला ते सगळ्या सभागृहाला म्हणता येत नाही. तिसऱ्या रांगेत कॉर्बेटभाऊ बसलेत. मी सुटून आल्यापासून वीस वर्षं आम्ही दुकानात एकमेकांना मान हलवतो, आणि एकदाही माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. कॉर्बेटभाऊ, दुसरा आणि तिसरा तडाखा मला कुणी सांगितला नव्हता. ते माझे होते. मला माफ करा. उत्तर द्यायलाच हवं असं नाही. जेवण मांडलंय. आधी तुम्ही वाढून घ्या, मग आम्ही उठतो.