बारा सेकंदांची कात्री

मंडळी, आज मी रागात आहे, आधीच सांगून ठेवतो! मला एवढंच सांगा — अर्धं ज्ञान देणाऱ्याचं पाप मोठं, की अर्धं ऐकून उठणाऱ्याचं? काय म्हणता आजोबा? उठणाऱ्याचं? बरं! ऐका तर मग.

वाकणवाडीच्या सरकारी दवाखान्यात एक सिस्टर होत्या. इंदुमती खैरमोडे. बावीस वर्षांची नोकरी, हात हलका, जीभ तिखट! सुई टोचली तरी पोरं रडायची नाहीत — सिस्टरच्या धाकानं! या बाईनं मोबाईलवर आरोग्याची शाळा काढली. भाजलं तर काय करावं, कुत्रं चावलं तर काय — एका मिनिटाचा एक धडा. पुण्याचंच काम की! गावोगावच्या आया बघायला लागल्या.

पण मोबाईल मोठा चुगलखोर हो! कोण कितव्या सेकंदाला उठून गेलं, तेसुद्धा सांगतो. सिस्टरनं पाहिलं — विसाव्या सेकंदाला निम्मे पसार! अहो, वीस सेकंदांत आम्हा कीर्तनकारांचं खाकरणंसुद्धा पुरं होत नाही!

सिस्टरला ते लागलं. जुलाबाचा धडा तयार होता. बाटलीनं मोजून एक लिटर स्वच्छ पाणी, त्यात सपाट सहा चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ. पाणी मोजण्यात बारा सेकंद जात होते.

"पाणी घ्यायचं, हे काय सांगायला हवं?" असं म्हणून तिनं ते बारा सेकंद कापले!

आणि धडा असा धावला, मंडळी! लाखभर लोकांनी पाहिला. सिस्टर खूश.

आठव्या दिवशी, भर दुपारी, शेवंता धावत दवाखान्यात आली. कडेवर आठ महिन्यांची लेक. पोरीचे डोळे फिरलेले — अंगाला झटके!

"जुलाब होत होते... साखर-मिठाचं पाणी पाजलं. तुम्हीच सांगितलेलं."

"किती पाण्यात कालवलंस?"

"पेलाभर."

"पेलाभर?" सिस्टर कडाडली, "लिटरभराचं मीठ पेल्यात? तेच पोरीच्या मेंदूला चढलंय! अगं, धडा नीट बघायचा तरी!"

शेवंता म्हणाली, "बघितला की. शेवटपर्यंत बघितला. दोनदा."

आता बोला ना आजोबा! इथं कोण उठून गेलं होतं?

सिस्टर पोरीला छातीशी धरून गाडीत बसली, तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. चार दिवस झुंज! पाचव्या दिवशी पोर आईच्या अंगावर प्यायली. वाचली, मंडळी! देवानं वाचवली.

सिस्टरनं तो धडा काढून टाकला. नवा केला — "माझं चुकलं, पाणी लिटरभरच घ्या." दोन मिनिटांचा. किती जणांनी पाहावा? तीनशे! आणि त्यातला एक दीडशहाणा खाली लिहितो — "सिस्टर, थोडक्यात सांगा!"

थोडक्यात? अरे, जीव जात होता तिथं!

मग सिस्टरनं बाटली घेतली नि दारोदार निघाली. पहिलं दार शेवंताचं. उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी गेली. नाही. तिसऱ्या दिवशी शेवंता पोरीला घेऊन बाहेर आली, चप्पल घातली. म्हणाली, "तुमच्यावरचा राग गेलेला नाही. पण चला. तुमचं एखादी ऐकणार नाही, माझं ऐकेल."

दोघी चाळीस वाड्या फिरल्या. प्रत्येक बाईकडून पाणी मोजून घेतलं, चाखून घेतलं. "आसवांपेक्षा खारट लागलं, तर ओतून दे!"

कात्री सिस्टरनं चालवली. पाप तिचंच, तिनं ते डोक्यावर घेतलं. पण ती कात्री तिच्या हातात दिली कुणी? विसाव्या सेकंदाला उठणाऱ्यांनी! त्यांचं काही बिघडलं? केससुद्धा वाकडा झाला नाही! झटके आले, ते शेवटपर्यंत बसलेलीच्या लेकीला!

मागचे, तुम्ही! बोटानं काय सरकवताय? नजर वर करा. तुम्हाला घाई असते, म्हणून कुणीतरी कुठेतरी काहीतरी कापतो — आणि भोगते ती, जिनं विश्वास ठेवला. घ्या आता देवाचं नाव. आणि मध्येच न कापता सगळं घ्या!