घरच्यांचा नंबर

सुरतेजवळ उधन्याला सुषमा बसमध्ये चढली, तेव्हा पुढच्या बाकावर एक माणूस आणि एक पोरगी आधीच बोलत होती. एखाद्या मिलच्या ऑफिसातली असावीत. पोरगी खिडकीबाहेर बघत होती.

"स्वाती, कॉम्प्युटरवरच्या कारागिरांच्या फॉर्ममध्ये घरच्यांचा नंबर मीच सक्तीचा केला होता. सेव्ह दाबलं की फंक्शन तपासतं, रकाना रिकामा नाही ना, आकडे दहा आहेत ना."

"नंबर कोणाचा आहे, ते नाही तपासत?"

"ते त्याला कसं कळणार?"

"किरणदादा, कारागिरांचे फोन गेटवर जमा. नंबर कोणाला पाठ असतो? फॉर्म पुढेच सरकेना, मागे रांग ओरडायला लागली. मग मी माझाच नंबर टाकत गेले."

"धुडकूभाऊंच्या फॉर्मवरही?"

"हो. लगेच सेव्ह झाला."

"म्हणजे ते मशीनवर पडले तो मेसेज तुला आला?"

"आला ना. तुमचे नातेवाईक दवाखान्यात आहेत म्हणून. माझी माणसं तर घरीच होती. फसवणुकीचा असेल असं वाटलं, पुसून टाकला."

कंडक्टर येऊन उभा राहिला, तरी सुषमाचं लक्ष पुढच्याच बाकावर.

"त्यांच्या बायकोला मग कोणी कळवलं?"

"गाववाल्यांनी. सुंदराबाई पोचल्या तेव्हा सगळं आटोपलं होतं."

"तुला काही बोलल्या?"

"एवढंच म्हणाल्या, 'मना नंबर त्यासले पाठ व्हता, ताई. कोन्ही इचारं नही का?'"

"मग?"

"रांगेत धुडकूभाऊंच्या आधीच्या कोणालाच पाठ नव्हता, दादा. त्यांना मी विचारलंच नाही."