चांदणीचं दावं

जळगावच्या स्टँडवर पहूरच्या बससाठी रांग होती. माझ्यापुढे आजोबा आणि नात उभे होते.

“कामिनी, रडू नको. आता तू चांदणीवर बसली की पाय जमिनीला टेकायचे. घोडी अजून तरणी शे, मेहरूणच्या त्या लहान पोरीला, पुनमला, पुरंल.”

“रडत नाहीये, आबा. चांदणीनेच मला दोन वर्षं मळ्यातून शाळेत नेलं. पण तिचं दावं का सोडून आणलं?”

“जनावर दिलं तरी दावं घरीच ठेवतात. बरकत जाते नाहीतर.”

“आपली बरकत तीच होती ना? परक्या दारात तिला निदान दाव्याचा वास तरी ओळखीचा लागेल.”

आजोबांनी पायाजवळच्या पिशवीतलं दावं चाचपलं.

“आबा, बस आली.”

“येऊ दे. दाव्याची पिशवी घे, मेहरूणला परत जाऊ.”