स्वप्न समजून मारलेली उडी

तोंड धुवायला गेले तेव्हा भिंतीवरच्या चावीच्या घड्याळात साडेअकरा वाजले होते, आणि परत येऊन बघते तर बारा! दुपारी मानसशास्त्राचा पेपर होता आणि त्यासाठी तिगावहून पांढुर्ण्याची गाडी पकडायची होती. मग त्याच विषयाच्या पुस्तकातलं आठवलं, की घड्याळ दोनदा पाहावं, वेळ भलतीच बदलली तर आपण स्वप्नात आहोत. स्वप्न आहे हे कळलं की वाटेल ते करता येतं, उडतासुद्धा येतं.

काय हायसं वाटलं म्हणून सांगू! म्हणजे पेपरही खोटाच. झुरळ दिसलं तरी किंचाळणारी मी, सरळ माळ्यावर चढले. खाली विकायचा कापूस पुरुषभर रचला होता. हात पसरून उडी घेतली, ती थेट गळ्यापर्यंत कापसात. हलले की आणखी खाली. त्यात शिंका सुरू झाल्या. स्वप्नात शिंका येतात का, हे काही पुस्तकात नव्हतं.

"बाबा! ओ बाबा!"

कुणी ओ देईना. स्वप्नात असंच होतं, म्हणून मी आणखीच घाबरून ओरडले. शेवटी अंगणातून बाबा बोलले, "अवं, घाबरू नको! तुई गाडी चुकू नये म्हनून घड्याळ मीच अर्धा घंटा पुढं केलं. पन तू कुठून बोलून राहिली?"