अण्णांनी घराला नावं ठेवली

अरे, विद्यापीठाजवळचं घर अण्णांपायी हातचं जाणार होतं! अण्णा म्हणजे आमचे वडील; त्यांची हयात मंद्रूपच्या बाजारात शेळ्या घेण्यात गेली. केगावचा फ्लॅट बघताना मालकासमोरच म्हणाले, "वारं न्हाय, पाणी न्हाय, पोरांच्या गाड्यांचा कालवा लई."

बायको घाबरली. "मग नकोच हे घर," म्हणाली आणि खाली उतरली.

अण्णा मागोमाग धावले. "अगं, घ्यायच्या शेळीचं कौतुक गिऱ्हाईक करतं व्हय? हेच घर घ्यायचं हाय की!"

बायको जिन्यातच थांबली. "मामंजी, मला बघायला आलात तेव्हा माझ्या रंगाला, उंचीला, चहालासुद्धा नावं ठेवली होती तुम्ही!"

"मग? च्या घिऊन आत आलीस तवाच पक्कं केलं हुतं."